‘आपले १४ तारखेचे पत्र पावले’ : रँचच्या जुन्या पत्रव्यवहाराविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या कागदपत्रांच्या या सदरासाठी या वेळी अमेरिकेतल्या गुरांच्या रँचवरील पत्रव्यवहाराविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक प्रश्न तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांचे आले. एस्टेट सेलमध्ये (घरातल्या सगळ्या सामानाच्या विक्रीत) भांडी-खुर्च्या बघायला गेलेली मंडळी पत्रांची खोकी घेऊन परततात, असे दिसते. काही प्रश्न इकडचेही आहेत. उत्तरे साधारण १८७० ते १९२० हा काळ धरून दिली आहेत.

प्रश्न : कापडी बांधणीची एक जाडजूड वही मिळाली. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पाने, त्यांवर जांभळट आणि पसरलेली अक्षरे. काही पानांवर उलटी अक्षरे दिसतात, काहींवर दोन-तीन पत्रांची सरमिसळ. हे वाचायचे कसे? (अमारिलो, टेक्सास)

उत्तर : ही लेटरप्रेस कॉपीबुक, म्हणजे बाहेर पाठवलेल्या पत्रांची नक्कलवही. मूळ युक्ती जेम्स वॅटची, १७८० च्या पेटंटमधली. कार्बन कागद रुळेपर्यंत बहुतेक कचेऱ्यांचे काम तिच्यावरच चाले, आणि रँचची कचेरीही त्याला अपवाद नव्हती.

नक्कल कशी निघे हे कळले की वाचणे निम्मे सोपे होते. कारकून पत्र कॉपिंग शाईने लिही. वहीतले कोरे पान ब्रशने किंवा ओल्या फडक्याने दमट करी आणि जास्तीचे पाणी टिपकागदाने टिपून घेई. बाकीच्या पानांना ओल लागू नये म्हणून तेल पाजलेला कागद मध्ये घाली. मग पत्राची लिहिलेली बाजू दमट पानाच्या पाठीला लावून वही मिटायची आणि लोखंडी स्क्रू-प्रेसमध्ये दाबायची. शाई पानाच्या पाठीवर उलटी उमटते. कागद पातळ असल्याने पुढून ती सुलटी दिसते. म्हणजे तुम्हाला जी उलटी अक्षरे दिसली ती पानाची पाठ आहे.

दोषही यातच कळतात. पान जास्त ओले राहिले तर अक्षर फुटते. कोरडे राहिले, किंवा पत्र लिहून बराच वेळ गेल्यावर प्रेसमध्ये घातले, तर नक्कल फिकी येते किंवा येतच नाही. तेलकागद घालायला विसरले तर शेजारच्या पानावर भुताटकी उमटते. सरमिसळीचे दुसरे कारण साधे आहे : खालच्या पानावरचे अक्षर वरच्या पातळ पानातून दिसते.

वाचण्यापूर्वी पानाखाली पांढरा, आम्लरहित कागद सरकवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पान उलटायला बोट ओले करू नका. जांभळी शाई बहुधा ॲनिलीन रंगाची असते आणि पाण्याच्या एका थेंबाने ओळच्या ओळ वाहते. पॉलिएस्टर फिल्मची किंवा पातळ कार्डाची पट्टी पानाखाली घालून पान उचला. फोटो काढताना दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर मंद प्रकाश द्या. पुढून अक्षर फिके वाटले तर पाठीचा फोटो घ्या आणि संगणकावर आडवा फिरवा. शाई मुळात पाठीवर असल्याने तिथे ती अनेकदा ठसठशीत असते. रंगीत फोटोचे तीन चॅनेल वेगळे करता येत असतील तर जांभळ्या शाईसाठी हिरवा चॅनेल पाहा, तपकिरी पडलेल्या लोह-माजूफळाच्या शाईसाठी निळा. रंग ज्या प्रकाशाला शोषतो त्या चॅनेलमध्ये तो सर्वांत काळा दिसतो, एवढेच त्यामागचे गणित. वही उन्हात किंवा काचेखाली मांडून ठेवू नका. हे रंग उजेडात उडतात.

आता खरा ऐवज. वहीच्या सुरुवातीला अक्षरवार अनुक्रमणिका असेल, आडनावापुढे पानांचे आकडे. ती आधी पूर्ण उतरवून घ्या. एखादे पान फाडून काढले तरी अनुक्रमणिकेतले नाव तसेच राहते, आणि कोणाला लिहिलेली पत्रे फाडली गेली हे त्यावरून कळते. पानाच्या माथ्यावर निळ्या किंवा लाल पेन्सिलीत दोन आकडे असतील, समजा ८७ आणि १४२, तर त्याच माणसाचे मागचे पत्र ८७ वर आणि पुढचे १४२ वर आहे. वही तारीखवार असते, पण तुम्ही ती माणूसवार वाचावी. सलग वाचलीत तर विहिरीचे पंप, मीठ, काटेरी तार आणि तक्रारी यांची नुसती खिचडी हाती लागेल.

एक गोष्ट या वहीत कधीच मिळणार नाही : आलेली पत्रे. ती वेगळी ठेवत. कागदाच्या तीन घड्या घालून पाठीवर पाठवणाऱ्याचे नाव, तारीख, विषय आणि ‘उत्तर दिले’ची तारीख टाकत. त्या तारखेने नक्कलवहीतले उत्तर लगेच सापडते. तेव्हा त्याच सेलमध्ये घड्या घातलेल्या कागदांची खोकी होती का, कोणी नेली, याची चौकशी आजच करा. नुसती वही म्हणजे फोनवर एकाच बाजूचे बोलणे ऐकण्यासारखा प्रकार.

प्रश्न : एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन प्रकल्पासाठी मी पुण्यातून रँचच्या पत्रांचे लिप्यंतर करते. इंग्रजी उत्तम येते, तरी ‘इन्स्ट.’, ‘अल्ट.’, ‘फेव्हर’, ‘कमिंग टूज’, ‘टेन पर सेंट कट’ असल्या शब्दांपाशी अडते. (पुणे)

उत्तर : तारखांचे आधी. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ मागचा, ‘प्रॉक्स.’ पुढचा. आपल्या मोडी पत्रांतले ‘माहे मजकूर’ आठवा. चूक होते ती महिन्याच्या सुरुवातीला : ३ मार्चच्या पत्रातले ‘२६ अल्ट.’ म्हणजे २६ फेब्रुवारी. लिप्यंतरात शब्द जसाच्या तसा ठेवा आणि पूर्ण तारीख चौकटी कंसात द्या.

‘फेव्हर’ म्हणजे तुमचे पत्र. ‘युअर्स ऑफ द फोर्टीन्थ टू हँड’ म्हणजे १४ तारखेचे पत्र पावले. सहीखाली किंवा सहीशेजारी ‘पर’ आणि आद्याक्षरे असली तर सही कारकुनाने केली आहे. मालकाच्या हस्ताक्षराचा नमुना म्हणून ती दाखवू नका. ‘साइट ड्राफ्ट’ म्हणजे दाखवताच पैसे द्यायची हुंडी.

आता गुरांचे. ‘वन्स, टूज, थ्रीज’ ही वयाची वर्षे आणि ‘कमिंग टूज’ म्हणजे दुसरे वर्ष पुरे व्हायला आलेली. भाव बहुधा नगावर आणि वयावर ठरे, त्यामुळे हा शब्द निसटला तर सौदा समजत नाही. ‘स्टीअर’ म्हणजे खच्ची केलेला नर. आपल्याकडे त्याला बैल म्हणतील, पण औताचा बैल डोळ्यांपुढे येऊ देऊ नका. हा फक्त मांसासाठी. ‘टेन पर सेंट कट’ म्हणजे खरेदीदाराने शंभरांतली दहा गुरे आपल्या पसंतीने बाजूला काढून नाकारायची मुभा. विक्रेता नेहमी हा टक्का खाली आणायला बघतो आणि खरेदीदार वर न्यायला. मोजणीच्या दिवशी जी भांडणे होत ती बहुधा यावर, भावावर नव्हे. ‘काऊ अँड काफ’ एकत्र लिहिले असेल तर पायाशी असलेले वासरू आईबरोबर एकच नग धरले आहे. एकूण गुरांची बेरीज करताना हे लक्षात घेतले नाही तर आकडा चुकतो.

आणखी एक सापळा. टेक्सासच्या बऱ्याच मोठ्या रँचमागे स्कॉटलंड-इंग्लंडचा पैसा होता. मॅटाडोर लँड अँड कॅटल कंपनी १८८२ मध्ये डंडी शहरात स्थापन झाली. वायोमिंगची स्वान कंपनी १८८३ मध्ये एडिनबरोत उभी राहिली. अमेरिकन व्यवस्थापक ४/६/९२ लिहितो तेव्हा तो ६ एप्रिल असतो. डंडीचा सेक्रेटरी तेच लिहितो तेव्हा ४ जून. संशय आला तर आठवड्याचा वार, पोस्टाचा शिक्का किंवा उत्तरातला उल्लेख पाहा. अटलांटिकपारच्या पत्राला उत्तर चार दिवसांत आलेले दिसत असेल तर तारीख चुकली आहे, किंवा मध्ये एखादी तार आहे जी तुमच्या गठ्ठ्यात नाही.

तारांचेही सांगून ठेवतो. तारेला शब्दामागे पैसे पडत म्हणून कंपन्या कोडबुक वापरत आणि आख्खे वाक्य एका शब्दात बसवत. पत्राच्या माथ्यावर ‘ए बी सी कोड’ असे छापलेले असेल तर निरर्थक वाटणारा शब्द त्या पुस्तकात शोधा. खासगी कोड असेल तर मात्र तारेनंतर खुलाशाचे पत्र आले आहे का ते बघा. बरेचदा त्यात कोडचा अर्थ आयता सापडतो.

प्रश्न : १८९० च्या दशकातली शिकागोच्या दलालाची हिशेबाची पावती आणि तिच्यासोबत रँच-व्यवस्थापकाचे पत्र माझ्याकडे आहे. पत्रात ४४ स्टीअर, सरासरी ११८० पौंड. पावतीवर ४४ स्टीअर, ४८,८४० पौंड, ४.१० डॉलर भाव. मालकाला दलालाने फसवले का? (फोर्ट वर्थ, टेक्सास)

उत्तर : एवढ्या पुराव्यावर तसे म्हणता येणार नाही. ४८,८४० ला ४४ ने भागले की सरासरी १११० पौंड येते. पत्रातल्या आकड्यापेक्षा नगामागे ७० पौंड, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास तूट. याला ‘श्रिंक’ म्हणत. रेल्वेच्या डब्यात उभ्याने प्रवास, चारा-पाणी अधूनमधून, शेण-मुताने आणि ताणाने घटणारे वजन. लांबच्या प्रवासात एवढी घट मुळीच नवलाची नाही. शिवाय रँचवर काटा क्वचितच असे. ११८० हा अनुभवी डोळ्याचा अंदाज असण्याची शक्यता जास्त, आणि विकणाऱ्याचा डोळा थोडा उदारच असतो.

भाव शंभर पौंडांना असतो. ४८,८४० पौंड ४.१० ने २,००२.४४ डॉलर. पावतीवर हाच आकडा असायला हवा. नसेल तर एखाद-दुसरे जनावर ‘लंगडे’ किंवा ‘जखमी’ म्हणून वेगळ्या भावाने गेले आहे का ते बघा. त्याखाली वजावट येते : रेल्वेचे भाडे, यार्डाचे (गुरांच्या बाजारातल्या वाड्याचे) भाडे, गवत, दलाली. शिकागोच्या युनियन स्टॉक यार्डात मोठ्या जनावरामागे २५ सेंट यार्ड-भाडे आणि ५० सेंट दलाली हे आकडे नेहमी दिसतात. तुमच्या ४४ नगांवर अनुक्रमे ११ आणि २२ डॉलर. समजा भाडे १७२.४० आणि गवत ५ असेल, तर एकूण वजावट २१०.४०, हातात १,७९२.०४, म्हणजे नगामागे ४०.७३. मालकाच्या पत्रांत जो ‘भाव’ येतो तो बहुधा हा निव्वळ आकडा असतो आणि वर्तमानपत्रातला भाव शंभर पौंडांचा. दोन्ही एकाच तक्त्यात घालून चढ-उतार काढणारे लोक दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

संशय घ्यायचाच असेल तर दोन ठिकाणी घ्या. पहिले, नगांची संख्या. डबे भरताना ४५ आणि पावतीवर ४४ असतील तर एक वाटेत मेले. रेल्वेकडे नुकसानभरपाई मागितल्याचे पत्र नक्कलवहीत शोधा. दुसरे, वजन करण्यापूर्वी गुरांना पोटभर पाणी मिळाले का. यार्डात उतरल्यावर गुरे गवत-पाणी घेतात आणि घटलेल्या वजनाचा काही भाग भरून निघतो. गाडी उशिरा पोचून गुरे तशीच काट्यावर चढली तर मालकाचे नुकसान, आणि ‘फिल’ (वजनापूर्वीचे गवत-पाणी) नीट मिळाले नाही ही तक्रार अशा पत्रांत हमखास असते. गठ्ठ्यात ३६ तासांचा उल्लेख असलेली छापील चिठ्ठी सापडली तर ती फेकू नका. १८७३ च्या कायद्याने गुरांना २८ तासांहून जास्त वेळ डब्यात कोंडायला बंदी होती. १९०६ च्या कायद्याने मालकाने लेखी मागितल्यास ती मुदत ३६ तासांवर नेता येई. चिठ्ठी त्या मागणीची असते. म्हणजे ती १९०६ च्या आधीची नाही, हेही आपोआप कळते.

प्रश्न : रँचच्या पत्रांवरची तिकिटे सोडवून अल्बममध्ये लावावीत का? पत्रांवर तारीख-महिना आहे, साल नाही. (नाशिक)

उत्तर : सोडवू नका. सुटे २ सेंटचे तिकीट कवडीमोलाचे असते. लिफाफ्यावर शिक्क्यासह असलेले तेच तिकीट तुम्हाला साल सांगते, जे तुम्हाला हवेच आहे.

देशांतर्गत पत्राचा दर १ ऑक्टोबर १८८३ पर्यंत अर्ध्या औंसाला ३ सेंट होता, त्या दिवसापासून २ झाला. १ जुलै १८८५ पासून त्याच २ सेंटांत पूर्ण औंस जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९ पुन्हा ३ सेंट, नंतर २, आणि ६ जुलै १९३२ पासून परत ३. ब्रिटनला जाणाऱ्या पत्रावर १८७५ पासून ५ सेंट लागत आणि १ ऑक्टोबर १९०८ पासून २. डंडीला गेलेल्या लिफाफ्यावर २ सेंटचे एकच तिकीट असेल आणि टपाल-दंडाचा शिक्का नसेल तर ते १९०८ नंतरचे.

शिक्क्यातले आणि छापील माथ्यावरचे प्रदेशाचे नावही कामी येते. मोंटाना ८ नोव्हेंबर १८८९ ला राज्य झाले, वायोमिंग १० जुलै १८९० ला, ओक्लाहोमा १६ नोव्हेंबर १९०७ ला, न्यू मेक्सिको ६ जानेवारी १९१२ ला आणि ॲरिझोना त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला. ‘टेरिटरी’ (राज्य होण्याआधीचा प्रदेश) असा शिक्का असेल तर पत्र त्याआधीचे. छापील माथ्यावर मात्र एवढा विश्वास ठेवू नका. रीमच्या रीम कागद छापून घेतलेला असे आणि संपेपर्यंत वापरत. ‘टेरिटरी’ शब्दावर शाईची रेघ मारून राज्य झाल्यानंतरही दोन-तीन वर्षे तोच कागद चाललेला दिसतो. गाव आज नकाशावर नसेल तर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली पोस्टमास्तरांच्या नेमणुकांची रजिस्टरे पाहा. पोस्ट कधी उघडले आणि कधी बंद झाले हे त्यात मिळते, आणि रँचवरची पोस्टे अनेकदा चार-पाच वर्षेच टिकत.

प्रश्न : पत्रात ‘लेझी’, ‘फ्लाइंग’, ‘रॉकिंग’ अशा नावांची गुरे आहेत. या जाती आहेत का? (ह्यूस्टन)

उत्तर : नाही, डाग आहेत; तापल्या लोखंडाने कातडीवर दिलेली मालकीची खूण. आडवे पाडलेले अक्षर ‘लेझी’, पंख फुटलेले ‘फ्लाइंग’, खाली कमान असलेले ‘रॉकिंग’. डाग डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचतात. ‘फ्लाइंग व्ही गुरे’ असे आले तर ती मॅटाडोरची, ‘टू बार’ आले तर स्वानची. टेक्सासमध्ये डागांची नोंद काउंटी (जिल्हा) क्लार्ककडे असते, त्यामुळे एकच डाग दोन काउंट्यांत दोन मालकांचा असू शकतो. पत्रातली काउंटी ठरवल्याशिवाय मालक ठरवू नका. डाग जनावराच्या कोणत्या अंगावर आहे, डाव्या पुठ्ठ्यावर की उजव्या फऱ्यावर, तेही नोंदीचाच भाग असते.

प्रश्न : कृष्णाकाठची गुरे टेक्सासला गेली होती असे ऐकले. त्याची पत्रे कुठे असतील? (सांगली)

उत्तर : ऐकलेत ते खरे आहे. आजच्या अमेरिकन ब्राह्मन जातीत कांक्रेज (तिकडे गुझेरात म्हणतात), ओंगोल (तिकडचे नेल्लोर), गीर आणि कृष्णा व्हॅली या भारतीय वाणांचे रक्त आहे. कारण गोचीड. टेक्सास तापाने उत्तरेतली गुरे पटापट मरत आणि टेक्सासच्या गुरांना कॅन्सस वगैरे राज्यांत बंदी घातली जाई. हा ताप गोचिडीमुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. वशिंड असलेली गुरे गोचीड आणि ऊन दोन्ही सोसतात हे आखाती किनाऱ्यावरच्या रँचवाल्यांच्या ध्यानात आधीच आले होते. १९०६ मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचचे व्यवस्थापक ए. पी. बोर्डन यांनी भारतातून गुरे नेली. रँचवर ३० वळू आणि ३ गायी पोचल्या. न्यूयॉर्क बंदराजवळ क्वारंटाइनमध्ये असताना त्यांच्यात सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग निघाला, त्यामुळे सरकारी पशुवैद्यांशी भरपूर कागद रंगले.

म्हणून शोधाची सुरुवात सरकारी बाजूने करा. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्रीचे दप्तर ‘रेकॉर्ड ग्रुप १७’ खाली आहे. रँचच्या बाजूसाठी ऑस्टिनच्या ब्रिस्को सेंटर या इतिहास-संग्रहाला विचारा. इकडे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या महसूल खात्याचे खंड आहेत. १९०५ आणि १९०६ च्या अनुक्रमणिकांत गुरांची निर्यात आणि पशुवैद्यक हे विषय पाहा. तिकडच्या पत्रांत ‘ब्राह्मा’, ‘ब्रेमर’, ‘सेक्रेड कॅटल’, ‘झेबू’ अशी नावे येतात. नुसते ‘ब्राह्मन’ शोधलेत तर फारसे हाती लागणार नाही, कारण ते नाव जातीची संस्था १९२४ मध्ये निघाली त्या सुमाराला रुळले.

प्रश्न : व्यवस्थापकाच्या बायकोने माहेरी लिहिलेली काही पत्रे आहेत. एकाच पानावर आडवे लिहून वर उभे लिहिले आहे. शिवाय पानांचा क्रम लागत नाही. (डेन्व्हर)

उत्तर : कागद आणि टपाल दोन्ही वाचवायची ती पद्धत. डोळ्यांच्या पातळीला पान तिरपे धरा आणि वाचायच्या ओळींच्या दिशेने नजर लावा. दुसऱ्या दिशेच्या ओळी आपोआप मागे पडतात. पडद्यावर वाचत असाल तर फोटो ९० अंशांत फिरवून दोन वेगळ्या प्रती करा आणि दोन्ही स्वतंत्र उतरवा. उभे लिखाण नेहमी नंतरचे, हे विसरू नका.

क्रमाचे असे की दुमडलेल्या तावाची चार पाने सगळे जण १, २, ३, ४ अशी लिहीत नसत. पहिल्यानंतर तिसरे, मग परत आत दुसरे आणि शेवटी चौथे, अशीही सवय असे. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर कुठे सलग जाते ते बघूनच क्रम लावा. एका बाईची सवय एकदा कळली की पुढची सगळी पत्रे तशीच लागतात.

ही पत्रे ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवू नका. व्यवस्थापक संचालकांना लिहितो तेव्हा नुकसान जमेल तितके सौम्य करून लिहितो. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांत गुरे हजारोंनी मेली. किती मेली हे वसंतातल्या राउंडअपपर्यंत (रानातली गुरे एकत्र हाकून आणेपर्यंत) नक्की कळणारच नव्हते, आणि धंद्याच्या पत्रांत त्याचा आडोसा छान घेता येई. त्यातच गुरांची संख्या प्रत्यक्ष न मोजता वहीतल्या जमाखर्चावरून धरायची पद्धत होती : जन्म उदारपणे मांडायचे, मृत्यू हात आखडून. स्वान कंपनीत कागदावरची आणि रानातली गुरे जुळली नाहीत आणि अलेक्झांडर स्वान १८८७ मध्ये दिवाळखोर झाले. अशा काळातल्या घरच्या पत्रात ‘कुंपणाला लागून मेलेली गुरे’ असे एक वाक्य असेल तर तारीख लावून ते संचालकांना लिहिलेल्या त्याच आठवड्याच्या पत्राशेजारी ठेवा.

प्रश्न : ‘१८७१ चे टंकलिखित रँच-पत्र’ विकत घ्यावे का? (न्यू जर्सी)

उत्तर : नको. बाजारात आलेले पहिले रेमिंग्टन यंत्र १८७४ चे, आणि तेही फक्त मोठी अक्षरे उमटवी. लहान-मोठी दोन्ही अक्षरे उमटवणारे मॉडेल १८७८ चे. १८७४ च्या आधीच्या तारखेचे टंकलिखित पत्र फार तर नंतर केलेली नक्कल असेल, आणि विकणारा तसे सांगत नसेल तर दुसरे काहीही त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : अमेरिकेतून परतताना आणलेली पत्रे दापोलीत ठेवायची आहेत. पावसाळ्याची भीती वाटते. (दापोली)

उत्तर : भीती रास्त आहे. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत असावी; कोकणात जुलैमध्ये ती नुसत्या कपाटात साधत नाही. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, आत रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. जेलचा रंग बदलला की ती काढून भाजून घ्या. जेल पत्रांना टेकू देऊ नका. डबा भरायचा तो कोरड्या हवेत, जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये भरलात तर ओल आतच कोंडते.

भरण्यापूर्वी टाचण्या आणि क्लिपा काढा. गंजून कागदाला चिकटलेली टाचणी ओढू नका; दोन्ही बाजूंनी पॉलिएस्टरची पट्टी सरकवून हळूच सोडवा. प्रत्येक पत्र आम्लरहित घडीत, लिफाफा त्याच्यासोबत. पीव्हीसीचे चकचकीत पाउच, सेलोटेप आणि लॅमिनेशन हे तिन्ही वर्ज्य. कसरीचा संशय असेल तर पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरेल. बुरशी दिसली तर ते पत्र वेगळे करा, कोरडे होऊ द्या आणि मास्क लावून मऊ ब्रशने घराबाहेर झटका. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

प्रश्न : पत्रे माझ्या मालकीची आहेत. पुस्तकात छापायला परवानगी लागते का? (सिअ‍ॅटल)

उत्तर : कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. अमेरिकेत अप्रकाशित खासगी पत्राला लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण असते. कंपनीने नोकराकडून कामाचा भाग म्हणून लिहवून घेतलेल्या अप्रकाशित पत्राला लिहिल्यापासून १२० वर्षे. म्हणून १९०० चे व्यवस्थापकाचे धंद्याचे पत्र आज मोकळे आहे, पण त्याच्या मुलीने १९३० मध्ये लिहिलेले पत्र ती कधी वारली त्यावर अवलंबून. छापणार असाल तर मूळ गठ्ठा फोडून विकू नका. मॅटाडोरचे दप्तर लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात आहे, टेक्सासच्याच एक्सआयटी रँचचे कॅन्यनच्या पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालयात, स्वानचे लॅरमीच्या अमेरिकन हेरिटेज सेंटरमध्ये. तुमची पत्रे यांपैकी कोणाशी जुळत असतील तर त्यांना आधी स्कॅन पाठवा. त्यांच्याकडच्या नक्कलवहीत तुमच्या पत्राचे उत्तर असेल तर पानाचा आकडा ते कळवू शकतात.